काट्याचा हलवा

गोव्यात थंडी पडते ती बरीचशी बोलण्यात. डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे पारा विशीच्या खाली उतरला की कानटोप्या बाहेर येतात, "औंदा थंडी बरीच हां!" असं एकमेकांना सांगून होतं आणि दहा वाजेपर्यंत पंखा पुन्हा सुरू! त्यामुळे आपली संक्रांत ही तशी उसन्या थंडीतली संक्रांत. सुगडात घालायचं वाणच बघा ना. गाजर, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गव्हाच्या ओंब्या... हे सगळं देशावरचं पीक. म्हापशाच्या बाजारात ते बेळगावच्या बाजूने येतं आणि आपल्या बायका दोन-दोन घाटे मोजून विकत घेतात. भाताच्या आणि नारळाच्या मुलखाने गहू-हरभऱ्याचा सण पाळायचा म्हणजे एवढी यातायात करावीच लागते.

त्यातून हलवा. हलवा म्हणजे शिरा नव्हे, संक्रांतीचा साखरेचा पांढराशुभ्र काटेरी हलवा. आजकाल तो पुडीतून येतो, म्हणून तो घरी कसा करतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, तिच्यात खसखस, तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा आणि साखरेचा पाक अगदी थेंब थेंब सोडत तो दाणा बोटांनी सतत फिरवत राहायचा. थेंब वाळला की दुसरा थेंब. असं तासन् तास, पुष्कळदा दोन-तीन दिवस. दाण्यावर साखरेचे थर चढतात आणि मग त्याला टोकं फुटू लागतात. त्यालाच काटा म्हणायचं. हवा कोरडी आणि थंड असेल तर पाक चटकन आळतो आणि काटा उभा राहतो. हवेत दमटपणा असेल तर टोकं विरघळतात आणि हाती लागतात ते गुळगुळीत दाणे. आपल्याकडे समुद्र इतका जवळ, की इथल्या हलव्याला काटा यायचा म्हणजे देवाची कृपाच हवी. आमच्या घरी म्हणूनच म्हणत, "काटा बघायचा तर ग्वाल्हेरच्या हलव्याचा."

ग्वाल्हेरला मराठी माणसं आहेत हे आपल्याला गाण्यामुळे माहीत असतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिकडे वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले आणि ख्याल दक्षिणेत घेऊन आले. कृष्णराव शंकर पंडित, राजाभैया पूछवाले ही नावंही कानांवरून गेलेली असतात. भा. रा. तांबे तिथले राजकवी होते आणि १९४१च्या डिसेंबरात तिथेच वारले. शिंदे सरकार तर काय, शाळेच्या पुस्तकातच आहे. पण गवई, कवी आणि सरदार एवढ्यांवर घर चालत नाही. दोनशे-सव्वादोनशे वर्षं हिंदी मुलखाच्या मधोमध मराठी घर म्हणून जे टिकलं, ते कुणी टिकवलं हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे. त्याचं उत्तर मला दरबारापेक्षा हलव्याच्या परातीजवळ जास्त सापडतं.

शिंद्यांच्या घराण्याचं आणि संक्रांतीचं नातं तसं विलक्षण आहे. १७६० साली १० जानेवारीला यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तो दिवस संक्रांतीचा होता. (आज १४ किंवा १५ जानेवारीला येणारी संक्रांत तेव्हा १० तारखेला कशी, असं कुणी विचारील. ती सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३च्या संक्रांतीचा, आणि ती १२ जानेवारीला होती.) पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झालं. तुकोजी शिंदे तिथे गेले, कोवळे जनकोजी पकडले जाऊन मारले गेले, महादजी पायाला कायमची जखम घेऊन कसेबसे वाचले. त्याआधी १७५५ साली नागोरला जयाप्पांचा खून झालेला. म्हणजे राणोजींच्या मुलांपैकी हाताशी उरले ते महादजीच. अशा घरात मागे कोण राहिलं असेल? विधवा सुना, आया, आज्या. 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण या घरावर ती पाठोपाठच्या दोन जानेवारींत खरोखरच कोसळली होती. आणि तरीही त्यानंतरच्या जानेवारीत कुणीतरी तीळ भाजायला घेतलेच असतील, कारण लहान मुलं होती आणि सण मुलांसाठी करावा लागतो.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं वाटत असेल तर थोडं जवळ येऊ. याच जयाप्पांची मुलगी लक्ष्मीबाई १७६३ साली सावंतवाडीच्या खेम सावंतांना दिली. त्या वेळी पेडणे महाल वाडीकर सावंतांकडेच होता. तो पोर्तुगीजांकडे गेला १७८८ मध्ये. म्हणजे शिंद्यांची लेक आपल्या अंगणापर्यंत सून होऊन आली होती! १८०३ साली नवरा वारल्यावर वाडीचा कारभारही तिने पाहिला. आणि पेडण्यातल्या केरी गावचे जिवबादादा केरकर उलट्या वाटेने वर गेले, ते महादजींचे बक्षी झाले, १७९५च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज घेऊन उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर, पुढे लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस... शिंद्यांच्या पदरी शेणवी मंडळींचा असा एक जथाच होता. त्यांच्यामागे त्यांच्या बायका गेल्या, लेकी-सुना गेल्या. इतिहासाने त्यांची नावं लिहून ठेवली नाहीत. पण नारळ न मिळणाऱ्या त्या गावात पहिल्या वर्षी त्यांनी कालवण कशाचं केलं असेल, हा विचार मला लढायांच्या तारखांपेक्षा जास्त छळतो.

या मंडळींनी केलेली एक गोष्ट मात्र नोंदली गेली आहे. १७९४च्या फेब्रुवारीत महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. गादीवर आलेल्या दौलतरावांनी लक्ष्मीबाई, यमुनाबाई आणि भागीरथीबाई या त्यांच्या विधवांची नीट व्यवस्था लावली नाही, उलट त्यांचा छळच झाला. तेव्हा १७९८ साली या बायांनी बंड केलं आणि शेणवी सरदार त्यांच्या बाजूने उभे राहिले. दोन-तीन वर्षं उत्तरेत धुमाकूळ चालला होता. इतिहासकार याला राज्याची दुफळी म्हणतात आणि तसं ते होतंही. पण घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा मान राखला जात नाही म्हणून फौज बाहेर पडते, हेही त्यात आहेच ना?

दौलतरावांनी अखेर १८१०च्या सुमाराला ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली मुक्काम टाकला आणि तो मुक्काम पुन्हा हललाच नाही. छावणीचं शहर झालं म्हणून त्याचं नावच पडलं लष्कर. त्याच्या आदल्या वर्षीची, राजपुतान्यातून फिरणाऱ्या त्या छावणीची हकीकत ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पत्रांतून लिहून ठेवली आहे. बाजार, सणवार, बायकापोरं यांच्यासह एक अख्खं गाव तंबूंत राहत होतं. अशा फिरत्या गावात चूल तीन दगडांची असते, तुळस कुंडीत असते आणि परंपरा म्हणजे जेवढं उंटावर लादता येईल तेवढंच. मराठी घरातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे तिथे बायकांनीच ठरवलं असणार. परात, तवा आणि देव ठेवले, बाकीचं तिथल्या हवेवर सोडलं.

दौलतरावांची पत्नी बायजाबाई ही मूळची कागलची, म्हणजे कोल्हापूरकडची. (आणि मुलगी कुणाची? ज्यांनी त्या विधवांचा छळ केला त्या सर्जेराव घाटग्यांची! इतिहासाला असल्या गोष्टींची भारी हौस.) १८२७ साली दौलतराव गेल्यावर तिने सहा वर्षं राज्य चालवलं आणि १८३३ मध्ये दत्तक मुलाच्या पक्षाने तिला बाहेर काढलं. मग आग्रा, फतेगड, अलाहाबाद असा परागंदा मुक्काम सुरू झाला. १८३५ साली फतेगडच्या छावणीत फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई तिला भेटली आणि तिने आपल्या प्रवासवर्णनात या भेटींबद्दल सविस्तर लिहिलं. बायजाबाईची मुलगी आधीच गेलेली होती. बरोबर होती ती नात, गजराराजे. नात घोडेस्वारीत पटाईत. इंग्रज बायका दोन्ही पाय एका अंगाला टाकून घोड्यावर बसतात हे ऐकून या मराठी बायकांना हसू आवरेना. त्यांनी फॅनीला आपल्या पद्धतीने घोड्यावर बसवलं, आणि तिलाही तेच बरं वाटलं असं ती प्रामाणिकपणे लिहून गेली आहे.

मला या प्रसंगात राणी दिसत नाही, आजी दिसते. राज्य गेलं, घर गेलं, मुलगी गेली, परमुलखातल्या तंबूत म्हातारपण आलं, आणि तरी नातीला घोड्यावर कसं बसायचं ते आपल्याच रीतीने शिकवायचं, साडी आपल्याच रीतीने नेसवायची. आजी दुसरं काय करते?

पुढे तिला ग्वाल्हेरच्या मुलखात परतता आलं आणि तिच्या दानधर्माची कीर्ती पार कोकणापर्यंत पोचली. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते बायजाबाई मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि मोठी दक्षिणा मिळणार आहे हे ऐकून. बंडात सापडले, झाशी पाहिली, आणि आपल्याला 'माझा प्रवास' मिळाला. मराठीतल्या त्या अपूर्व पुस्तकाच्या मुळाशी ग्वाल्हेरची एक म्हातारी आहे हे कुणी सहसा सांगत नाही! १८६३ साली ती वारली.

आता थंडीकडे येऊ. ग्वाल्हेरचा जानेवारी म्हणजे चेष्टा नव्हे. रात्री पारा सरासरीनेच सात अंशांच्या आसपास असतो, थंडीची लाट आली की दोन-तीनपर्यंत जातो आणि धुकं असं की समोरचं घर दिसत नाही. माझ्या आजीची धाकटी बहीण चाळीसच्या दशकात पेडण्याहून लग्न होऊन तिकडे गेली. घरात तिला सगळे 'लष्करची आजी' म्हणत, आणि शेजारच्या पोरांचा समज असा की ही बाई सैन्यात आहे. बेळगाव, पुणे, भुसावळ, इटारसी, झाशी अशी गाड्या बदलत ती गेली, ती मार्गशीर्षात. गेल्या गेल्या धुंधुरमास लागला.

धुंधुरमासाची रीत आपल्याला माहीत आहे. पहाटे उठून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत असं करायचं, देवाला दाखवायचं आणि सूर्य उगवता उगवता जेवायचं. पेडण्यात ही मजेची गोष्ट आहे. ग्वाल्हेरला पहाटे चारला हातात पाणी घ्यायचं म्हणजे बोटं बधिर. आणि सूर्य? तो धुक्यातून दहा वाजता दिसला तर दिसला! ती सांगायची, "सासूबाई गच्चीवर उभ्या राहायच्या, सूर्य दिसेना, खिचडी गार होऊन राहिली, सासरे भुकेने तळमळत खाली. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला, पंचांगात उगवला म्हणजे उगवला, बसा जेवायला." हे 'होऊन राहिली' तिकडचं. पेडण्याची पोर, पण वीस वर्षांत तिची मराठी अशी हिंदीच्या वळणावर गेली होती. रजई, सब्जी, सिगडी हे शब्द तर तिच्या तोंडी आमच्या 'भाजी'इतके सहज.

पण बाकी सगळ्या बाबतींत ग्वाल्हेरची थंडी मराठी सणांच्या बाजूची. चंपाषष्ठीपासून जी रांग लागते, ती रथसप्तमीपर्यंत. भोगीला लागणारी मिसळीची भाजी घ्या. हरभरा, मटार, वांगी, गाजर, पावटा, सगळं तिकडे त्याच आठवड्यात दारात येतं. वाणासाठी आपण जे दोन-दोन घाटे मोजून घेतो ते तिथे जुडीने मिळतात. ऊस गाडीभर, बोरं ढिगाने. त्यामुळे लहान मुलाचं बोरन्हाण तिकडे खरोखर बोरांनी होतं, आपल्यासारखं चुरमुरे आणि गोळ्या-बिस्किटांत चार बोरं टाकून नव्हे. तिळाचं तर विचारूच नका. शेजारच्या मुरेन्याची गजक प्रसिद्धच आहे, २०२३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. गुळाचा पाक खुंटीला अडकवून ओढून ओढून पांढुरका करायचा, त्यात भाजलेले तीळ मिसळायचे आणि लाकडी हातोड्यांनी कुटायचं, म्हणजे पापुद्रे सुटतात. ही गजकही थंडीतच चांगली होते, उन्हाळ्यात ती चिकट पडते. मराठी आज्यांनी ती चटकन आपलीशी केली, पण नेमकी कुठे थांबायचं हेही ठरवलं. लष्करच्या आजीच्या घरी गजक पाहुण्यांच्या पुढे येई, शेजाऱ्यांना वाटली जाई. देवापुढे आणि वाणात मात्र घरचा तिळगूळ आणि घरचाच हलवा. गुळाची पोळीही तशीच. तिकडच्या थंडीत गूळ दगडासारखा व्हायचा, तो आदल्या रात्री सिगडीच्या कडेला ठेवून मऊ करून घ्यायचा. खमंग भाजलेलं बेसन, तीळ, खसखस घालून तो मळायचा, दोन पाऱ्यांमध्ये भरून लाटायचा. पोळी गार झाल्यावर तुपाशी खायची. थंडीत तूपही गोठलेलं, ते सुरीने कापून घ्यावं लागे!

आणि हलवा. घराघरांतून पौष लागला की परात बसायची. गल्लीतल्या म्हाताऱ्या एकमेकींच्या घरी पाळीपाळीने जात, कारण एका हाताने हे काम होत नाही, बोटं भाजतात आणि पाठ धरते. एकीने परात हलवायची, दुसरीने पाक सोडायचा, तिसरीने बोलायचं. हे तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं असं माझं मत आहे. कोण कुठून आलं, कुणाचे आजे कुठल्या लढाईत होते, कुणाचा कुळस्वामी कोकणात कुठल्या गावी, लग्नात कुठलं वाण देतात, हे सगळं त्या परातीभोवती मराठीत चालायचं आणि रजईत गुरफटून बसलेली नातवंडं ते ऐकायची. शाळेत हिंदी, रस्त्यावर हिंदी, पण हलव्याचा काटा मराठीत यायचा. नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण, जावयाचा मान, बाळाचं बोरन्हाण या तिन्हींसाठी हलव्याचे दागिने लागत. हार, बाजूबंद, मुकुट, बाळाला बासरी. काळ्या चंद्रकळेवर पांढरा हलवा. काळा रंग ऊब धरतो म्हणून, असं म्हणतात. गोव्यात हे वाक्य आपण नुसतं ऐकतो, तिकडे ते अंगाला कळतं.

सणाखेरीज त्या गावाच्या हिवाळ्यात आणखीही बरंच काही असतं. माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला मेळा आजही भरतो. मूळचा तो गुराढोरांचा बाजार, आता सगळंच विकायला. कडाक्याच्या थंडीत तिथे सॉफ्टी आईस्क्रीम खायची गावाची जुनी खोड आहे आणि लष्करची आजी कानाला मफलर बांधून ती खायची. डिसेंबरात तानसेन समारोह होतो. त्याची सुरुवात शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद यांनी होते, शेजारी मुहम्मद गौसांची आणि तानसेनाची कबर. महिपतीनाथ ढोलीबुवांच्या मठाची ही परंपरा. कीर्तन कुठवर पोचतं बघा. या समारोहावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी इथेच थांबतो.

राज्य गेलं १९४८ साली. ग्वाल्हेर मध्य भारतात सामील झालं, १९५६ला मध्य प्रदेशात. दरबार गेला तशी मराठीला राजाश्रयाने मिळणारी प्रतिष्ठाही हळूहळू गेली. तरुण मुलं नोकऱ्यांसाठी भोपाळ, दिल्ली, पुण्याकडे निघाली. तरीही १९६१ साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं आणि अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेली ही पहिली स्त्री. (आपल्या मडगावला संमेलन झालं ते १९३०चं, वामन मल्हार जोशी अध्यक्ष असताना.) महाराष्ट्रातल्या गावांना जे इतकी वर्षं सुचलं नव्हतं ते ग्वाल्हेरच्या मंडपात घडलं, हा योगायोग असेल. मला तो आवडतो एवढंच.

त्याच १९६१ची दुसरी बाजू आमच्या घरात सांगितली जाते. १९५५ पासून गोव्याची सीमा जवळजवळ बंदच होती. लष्करच्या आजीला माहेरी येता आलं नाही. त्या काळात तिचे वडील वारले, ते तिला पत्राने कळलं, तेही कितीतरी दिवसांनी. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि पुढच्या महिन्यात, १९६२च्या संक्रांतीला, ती पेडण्यात पोचली. ट्रंकेत कपड्यांच्या घडीत एक पितळी डबा, त्याला मेणकापडाचे चार वेढे. आत हलवा. आईने झाकण उघडलं, एक दाणा उचलून जिभेवर न ठेवता बोटाच्या टोकावर धरला आणि म्हणाली, "काटा आलाय." सात वर्षांनी भेटलेल्या लेकीला पहिलं वाक्य हे! माझी आजी हे सांगताना दर वेळी रडायची. त्या हलव्याचा काटा पेडण्याच्या हवेत तीन दिवसांत बसला असंही ती सांगायची, आणि तेव्हा हसायची.

ग्वाल्हेरात मराठी टिकली ती, माझ्या समजुतीप्रमाणे, या सुनांमुळे. प्रत्येक पिढीत कोकणातून, देशावरून, गोव्यातून एक नवी मुलगी त्या घरात यायची आणि बुजत चाललेली मराठी पुन्हा ताजी करायची. राजघराण्यातही अनेक पिढ्या हेच चाललं. १९४१ साली जिवाजीरावांची पत्नी म्हणून आलेली मुलगी मात्र आईकडून नेपाळी राणा कुळातली होती, सागरला आजोळी, आजीच्याच हाताखाली वाढलेली. मराठी रीतीप्रमाणे लग्नात नाव बदलून ती विजयाराजे झाली. नाव बदललं की माणूस घरचं होतं अशी आपली जुनी समजूत. पुढे सामान्य घरांतही सुना जवळच्या, म्हणजे हिंदी भाषक घरांतल्या येऊ लागल्या. त्यात वाईट काहीच नाही. त्या मुली हौसेने हळदीकुंकू करतात, तिळगूळ वाटतात, काळी साडी नेसतात. सण टिकला आहे, कदाचित पूर्वीपेक्षा थाटात. बोलणं मात्र परातीभोवती होत नाही, कारण परातच नाही. हलव्याचे दागिने पुण्याहून पार्सलने येतात. सुंदर असतात हो, आमच्या आज्यांना जमले नसते इतके रेखीव!

लष्करची आजी जाऊन आता पंधराएक वर्षं झाली. तिच्या मागे एक वही राहिली. निम्मी पानं हिशेबाची, निम्मी पाककृतींची, मधे मधे हळदीकुंकवाला कोण आलं नाही त्यांची नावं (ही यादी ती विसरत नसे). वही मोडीत असती तर नातवंडांनी ती देव्हाऱ्यात ठेवली असती आणि विषय संपला असता. पण ती बाळबोध लिपीत आहे, हिंदीचीच लिपी. म्हणजे तिच्या पणतीला त्यातलं अक्षर न् अक्षर वाचता येतं आणि वाक्य मात्र लागत नाही. गेल्या पौषात तिने मला फोन केला. तिला हलवा करून बघायचा होता, पुण्याचं पार्सल नको होतं. तिने वाचून दाखवलं, अगदी स्वच्छ, अडखळत नाही. 'आधण' म्हणजे काय, 'निवळ' म्हणजे काय, 'आळणे' म्हणजे काय, 'विस्तव मालवून ठेवावा' म्हणजे विझवायचा की ठेवायचा... हिंदीतून मी सांगत गेलो. मग ती म्हणाली, "काका, यहाँ लिखा है, पाक अंमळ घट्ट झाला की थेंब सोडावा. ये अंमळ कितना होता है?"

शब्दकोशात अंमळ म्हणजे थोडंसं, जरासं. ते मी सांगितलं. "हाँ, पर कितना?" तिला गॅसवर किती मिनिटं, थर्मामीटरवर किती अंश, हे हवं होतं, आणि ते वहीत कुठेच नव्हतं. मी पेडण्याला आमच्या काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अंमळ म्हणजे असं," आणि गप्प झाल्या. बोटांची चिमूट करून दाखवत असणार, पाकाची तार किती धरायची ते, पण फोनवर ते दिसणार कसं? शेवटी त्यांच्या नातवाने त्या चिमटीचा व्हिडिओ काढून ग्वाल्हेरला पाठवला. दोन बोटं, मधे पाकाची एक तार, आणि मागून काकूंचा आवाज, "एवढं. जास्त नाय."

चार दिवसांनी तिचा फोटो आला. स्टीलची परात, तिच्यात मूठभर दाणे, काही गुळगुळीत, काही चिकटून गोळा झालेले. आठ-दहा दाण्यांना काटा आला होता. ते तिने वेगळे काढून वाटीत ठेवले होते.